परत मागवलेली अंडी

पत्रेमामांनी आयुष्यभर पत्रा कापला, वाकवला, जोडला. त्यांच्या हातची पन्हळ कधी गळली नाही. दुसऱ्या कुणाची गळताना दिसली, तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केल्याशिवाय मामा शिडीवरून उतरत नसत. कुठे मेहनत कमी पडली आहे, हे त्यांना रस्त्यावरूनच दिसायचं.

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात, म्हणून त्यांनी परसात कोंबड्या पाळल्या. खुराड्याचे कोपरे रिव्हेट मारून पक्के केले, जाळीची टोकं एकेक करून आत दुमडली. कोंबड्यांच्या पाण्यासाठी पसरट भांडं स्वतः ठोकून बनवलं. ते रोज सकाळी स्वयंपाकघरात आणायचं आणि ओट्यावरच्या सिंकमध्ये काथ्याने घासघासून लख्ख करायचं, हा त्यांचा नेम. परसात नळ नव्हता, आणि बादलीत नुसतं विसळणं म्हणजे त्यांच्या लेखी चक्क कामचोरी.

"बाबा, कोंबड्यांचं भांडं माझ्या सिंकमध्ये कशाला?" लेक रोज कुरकुरायची.

"तुझ्या चहाच्या पातेल्यापेक्षा स्वच्छ आहे. हवं तर नाक लावून बघ."

सिंकशेजारीच चिंगीची दुधाची बाटली धुऊन पालथी घातलेली असायची. चिंगी म्हणजे लेकीची लेक. नुकती चालायला लागलेली. जावई दूरच्या कामावर, त्यामुळे दोघी मामांकडेच राहायच्या. मामा परसातून आले की चिंगी "आबो, आबो" करत त्यांच्या पायांना मिठी मारायची, आणि मामा तिला तसंच उचलून घ्यायचे.

एक दिवस बातमी आली. एका मोठ्या कंपनीच्या अंड्यांत साल्मोनेला नावाचे जंतू सापडले होते, माणसं ताप-जुलाबाने आडवी झाली होती, आणि कंपनीने सगळा माल परत मागवला होता. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने दारातच खोकी रचली. लोक येऊन अंडी परत करत होते.

"मामा, आता तुमचे दिवस आले," दुकानदार म्हणाला. "कोंबड्यांना सांगा, ओव्हरटाइम करा."

"माझ्या कोंबड्या काम करतात. तुझ्यासारख्या गल्ल्यावर बसून राहत नाहीत," मामा म्हणाले. पण मनातून फुलून गेले होते. त्या आठवड्यात त्यांनी गल्लीत घरोघरी अंडी वाटली. शेजारच्या शिंप्याची सून गरोदर होती. तिला तर बजावलंच, "रोज सकाळी एक कच्चं अंडं दुधात फेटून घ्यायचं, सूनबाई. बाजारातलं नाही हे, आपल्या डोळ्यांदेखत घातलेलं."

मग चिंगीला ताप आला.

आधी सगळ्यांना वाटलं, दात येत असतील. दुपारपर्यंत जुलाब थांबेनात. संध्याकाळी लेकीने दुपटं बदललं आणि ती तशीच उभी राहिली. दुपट्यावर रक्त होतं. मामांनी पोरीला उचललं. एरवी खांद्यावर उड्या मारणारी चिंगी ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. रडतही नव्हती. रडली असती तर बरं वाटलं असतं.

दवाखान्यात तिच्या हाताची शीर सापडेना. शेवटी पायात सुई लावली. डॉक्टर म्हणाले, "जंतू रक्तात उतरलेत का ते बघतोय. इतक्या लहान मुलांना सांभाळावं लागतं." ते कुणाच्या डोळ्यांकडे बघत नव्हते. जाड पत्रा हाताने वाकवणारा माणूस, पण सलाइनच्या नळीला हात लावायचीही त्यांना भीती वाटत होती.

दोन दिवसांनी तपासणीत साल्मोनेलाच निघाला. आरोग्य खात्याची एक बाई वही घेऊन वॉर्डात आली.

"परत मागवलेली अंडी घरात होती का?"

"बाजारचं अंडं आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही," मामा ताठ बसून म्हणाले. "घरच्या कोंबड्या आहेत. एकही आजारी नाही. पिसं बघा, काय चमकतात!"

"कोंबडी ठणठणीत दिसते, काका. तिला काही होत नाही, पण हे जंतू तिच्या विष्ठेतून बाहेर पडत असतात. पिसांवर, पायांवर, पाण्याच्या भांड्यावर सगळीकडे लागतात. ते भांडं कुठे धुता?"

"ओट्यावरच्या सिंकमध्ये," मामा म्हणाले.

लेकीने बापाकडे पाहिलं. बोलली असती, भांडली असती, तर त्यांनी ऐकून घेतलं असतं. तिने फक्त चिंगीच्या कपाळावरची पट्टी बदलली आणि पाठ फिरवून बसली.

मामांच्या डोळ्यांसमोर सिंक आलं. ते जीव ओतून काथ्या घासतायत, शिंतोडे उडतायत, आणि शेजारी बाटली पालथी आहे. त्यात कामचुकारपणा कुठेच नव्हता. जितकं जास्त घासलं, तितकं जास्त उडालं होतं.

"अंडी आणखी कुणाला दिलीत?" बाईंनी विचारलं. "पूर्ण शिजवून खाल्ली असतील तर काळजी कमी. कच्ची कुणी खाल्ली का?"

मामा उठले ते चपला पायात अडकवतच बाहेर पडले.

घरोघरी जाऊन त्यांनी अंडी परत मागितली. "मामा, दिलेलं कुणी परत घेतं का?" कुणी हसलं. मामा हसले नाहीत. "दे. आणि हात धू, साबणाने. कुणाचं पोट बिघडलंय का? ताप?" एवढंच बोलत ते पुढे सरकत होते. दुकानदाराने त्यांच्या हातातली पिशवी पाहिली. थट्टा त्याच्या ओठांवर आली होती, पण मामांचा चेहरा पाहून त्याने ती गिळली. "पोरगी कशी आहे?" त्याने विचारलं. मामांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि पुढचं दार ठोठावलं.

शिंप्याचं घर त्यांनी शेवटी ठेवलं होतं. ते दारात पोहोचले. आतून मशिनचा आवाज येत होता. सून बाहेर आली, एक हात पोटावर.

"सूनबाई, ते अंडं... रोज घेतलंस?"

तिने सासऱ्याच्या खोलीकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "मामा, रागावू नका. मला तो वासच सहन होत नाही. मी रोज मोरीत ओतते."

मामांनी चौकट धरली. मेहनतीने मिळालेली वस्तू वाया घालवणाऱ्याला ते उभा-आडवा घेत. आज त्यांच्या तोंडून इतकंच निघालं, "बरं करतेस, पोरी. फार बरं करतेस. मोरी तेवढी नीट धुऊन घे. हातही धू."

चिंगीचा ताप हटला, पण सावकाश. उतरायचा, परत चढायचा, आणि प्रत्येक वेळी मामा नर्सला बोलवायला धावायचे. ती घरी आली तेव्हा तिच्या हातापायांच्या काड्या झाल्या होत्या.

तोवर मामांनी परसात नळ घेतला होता. जमीन स्वतः खणली, पाइप स्वतः जोडला. भांडं, काथ्या, चपला, जुना सदरा, सगळं खुराड्यापाशीच राहायचं, त्यातलं काहीही उंबरा ओलांडत नसे. चिंगीला तिकडे जाता येऊ नये म्हणून जाळीचं फाटक बसवलं. सिंक लेकीने उकळत्या पाण्याने धुतलं, जंतुनाशक लावलं, आणि तरीही बाटली ठेवायला वेगळं स्टूल आणलं.

"कोंबड्या देऊन टाकू का?" मामांनी विचारलं.

"मला काय विचारता?" लेक म्हणाली. तिने कणकेचा गोळा परातीत उलटा केला. मग म्हणाली, "हात धुतलेत?"

"धुतलेत."

"परत धुवा."

त्यांनी धुतले. नखांत साबण घालून, मनगटापर्यंत. दारात चिंगी उभी होती. तिने दोन्ही हात वर केले. "आबो."

मामा वाकले आणि वाकल्यावर थांबले. त्यांनी स्वतःचे तळवे उलटेसुलटे करून पाहिले. काही दिसत नव्हतं. तेव्हाही काही दिसलं नव्हतं.

"थांब हं, राणी," ते म्हणाले, आणि पुन्हा नळाकडे वळले.