रणदिवेकाकांची भीती

विमानाचा आवाज आला की रणदिवेकाका बोलता बोलता थांबत. आमची सोसायटी बडोद्यात हरणी रोडवर, विमानतळापासून फार लांब नाही. त्यामुळे त्यांचं वाक्य एका दमात पुरं होईल याची खात्री नसे. प्रवासी विमान असलं तर नुसती मान वळवून ऐकत. हवाई दलाचं मालवाहू विमान असलं तर हातातला कप खाली ठेवत. आवाज पुरता विरला की "उतरलं" म्हणत आणि अडलेल्या शब्दापासून पुढं सुरू करत. मला आधी वाटे, जुन्या वैमानिकाची ही हौस असेल. हौस नव्हती. चाकं जमिनीला लागेपर्यंत त्यांचा जीव टांगणीला लागलेला असे.

विंग कमांडर रणदिवे निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. घराणं बडोद्याचंच, आजोबा संस्थानच्या न्यायखात्यात होते. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते आणि शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. लढाऊ विमानं उडवलेला माणूस म्हटल्यावर जो रुबाब डोळ्यांपुढं येतो, तो काकांकडे नावालाही नव्हता. किरकोळ बांधा, पाठीत बाक, भाजीवाल्याशीही "केम छो भाई, मजामां?" अशी मऊ चौकशी. आणि भीतीबद्दल ते इतकं सहज बोलत की ऐकणाराच अवघडून जाई. "मला भीती वाटते, हे मी सकाळी दात घासतानाच स्वतःला सांगून टाकतो," ते म्हणत. "मग दिवसभर ती लपवण्यात हात गुंतत नाहीत."

एकदा मी त्यांना आमच्या शाळेत बोलावलं. एका मुलीनं विचारलं, "सर, तुम्हाला कधीच भीती नाही वाटली ना?" उत्तर तिनं आधीच ठरवलं होतं.

"रोज वाटायची," काका म्हणाले. आमच्या मुख्याध्यापिकाबाई खुर्चीत जरा चुळबुळल्या. काकांनी मग आपल्या अपघाताची हकिकत सांगितली. विमान वर चढत असताना इंजिनात पक्षी शिरला आणि इंजिन बंद पडलं. वैमानिकाच्या आसनाला एक मूठ असते. ती ओढली की आसनासकट माणूस बाहेर फेकला जातो आणि पॅराशूट उघडतं. काकांनी ती लगेच ओढली. पाठीचे मणके दबले, उंची थोडी कमी झाली, लढाऊ विमान कायमचं सुटलं.

"माझा मित्र बलबीर माझ्यापेक्षा फार शूर," ते मुलांना म्हणाले. "त्याच्यावर तीच वेळ आली, तेव्हा तो विमान वाचवत बसला. त्यानं मूठ ओढलीच नाही. तो माझ्याइतका घाबरला असता, तर आज नातवंडं खेळवत असता."

टाळ्या वाजल्या नाहीत. घरी येताना रिक्षात ते म्हणाले, "मेसमध्ये काही जण मागून बोलायचे, रणदिवेनं फार लवकर उडी मारली. चौकशीत माझी चूक निघाली नाही. पण ते बोलणं अजून ऐकू येतं गं."

त्यांची एकुलती एक मुलगी ऋता, तीही हवाई दलात. लढाऊ विमानं उडवून ती चाचणी वैमानिक झाली, आणि एका दिवाळीत घरी आली ती बातमी घेऊनच. अंतराळात जाणाऱ्यांच्या पुढच्या तुकडीसाठी तिची निवड झाली होती. वसुधाकाकूंनी देवापुढं साखर ठेवली. काका उठून गॅलरीत गेले आणि कुंड्यांना पाणी घालू लागले. ते पाणी सकाळीच घालून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी कमाटीबागेत फिरताना त्यांनी मला बाकावर बसवलं. "तू हे शिकवतेस. मला नीट सांग, अंतराळातून माणसांना घेऊन ती कुपी खाली येते तेव्हा काय होतं?"

मी सांगितलं. हवेशी घासून कुपी भयंकर तापते, भोवती धगधगतं आवरण तयार होतं, आणि काही मिनिटं आतल्यांशी बोलणं होऊ शकत नाही.

"म्हणजे तेवढा वेळ ती आहे की नाही, हे कुणालाच कळणार नाही."

"काका, ते आधीच माहीत असतं. तसं होणारच असतं."

"माहीत असलं म्हणून कमी होत नाही." समोर पोरं घसरगुंडीवर ओरडत होती. तिकडे बघत ते म्हणाले, "आता चंद्रावर तळ बांधायचं म्हणतात, पुढं मंगळ. पेपरात वाचायला छान वाटतं. माणसं जाणार, म्हणजे कुणाच्या तरी मुलीच जाणार ना."

ऋताचं अंतराळाचं प्रशिक्षण सुरू व्हायला अजून वेळ होता. तोवर ती आपल्या तळावरच उडत होती. एका दुपारी काकूंचा फोन आला, "मनीषा, वर ये." टीव्हीवर बातमी होती. त्याच तळावरचं विमान सरावात कोसळलं होतं. वैमानिक मृत. नाव दिलेलं नव्हतं, आणि ऋताचा फोन लागत नव्हता.

काकांनी टीव्ही बंद करायला लावला. भिंतीला पाठ टेकून ते खुर्चीत बसले होते. काकू तूर सोलत होत्या. दाणे टरफलांत आणि टरफलं पातेल्यात पडत होती. मी पुन्हा पुन्हा नंबर लावत होते. बाहेरून एक विमान गेलं. ते उतरलं तरी काकांनी "उतरलं" म्हटलं नाही.

मग ते म्हणाले, "माझ्या वेळी आई दांडिया बाजारच्या घरात अशीच बसली असेल. मी तिला कधी विचारलंच नाही."

फोन वाजला. काकांनी तो माझ्याकडे दिला. त्यांच्या बोटांना ते बटण सापडेना. मी स्पीकर लावला. ऋता होती. काकूंनी तोंडाला पदर लावला.

"बाबा, आमचा समीर गेला," ती म्हणाली. मग नुसतं रडणं. "मला भीती वाटतेय. अशी कधीच वाटली नव्हती. उद्या मी विमानात बसू शकेन असं वाटत नाही."

मी काकांकडे पाहिलं. परत ये, असं म्हणायची यापेक्षा सोपी वेळ त्यांना मिळणार नव्हती. तेवढंच त्यांना हवं होतं, हे मला ठाऊक होतं.

"वाटू दे," ते म्हणाले. "उद्या नाही बसलीस तरी चालेल, तसं त्यांना सरळ सांग. ज्या दिवशी बसशील, त्या दिवशी आधी मूठ चाचपून बघ. आणि वेळ आली तर मागून कोण काय बोलेल याचा विचार करू नकोस. विमान जाऊ दे. तू ये."

फोन ठेवल्यावर ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "त्या कुपीत तिच्या हातात अशी मूठ नसणार. मी शोधून वाचलंय." मग ते उठून बाथरूममध्ये गेले आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

ऋता पुन्हा उडाली. पुढं अंतराळाच्या प्रशिक्षणालाही गेली. ते चालू असतानाच काकांच्या हृदयाचं दुखणं निघालं आणि ऑपरेशन ठरलं. ऋता निघाली होती, पण पोचली नव्हती. काकूंना खाली कागदांवर सह्या करायला बोलावलं होतं, म्हणून आत नेईपर्यंत मीच त्यांच्याजवळ होते. करजणची एक तरुण नर्स त्यांची गाडी ढकलत होती. ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी मला थांबवलं. तेव्हा काका तिला म्हणाले, अगदी वेळ विचारावी तसं, "सिस्टर, मला भीती वाटतेय. जरा हात धरता?"

"हूं छुं ने, काका," मी आहे ना, असं ती म्हणाली. एका हातानं गाडी लोटत, दुसऱ्या हातात त्यांचा हात धरून ती आत गेली.

ते त्यातून उठले नाहीत.

ऋता संध्याकाळी आली. आईला बराच वेळ धरून बसली. मग मला बाजूला घेऊन तिनं विचारलं, "शेवटी काय म्हणाले?" मी जसंच्या तसं सांगितलं. तिनं मान हलवली, डोळे पुसले आणि विचारलं, "कुणी धरला हात?"

नर्सची पाळी नुकतीच संपली होती. ती पर्स काखेला लावून लिफ्टपाशी उभी होती, मी ऋताला ती दाखवली. ऋता तिच्यासमोर जाऊन थांबली, तिचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तशीच उभी राहिली. लिफ्ट आली आणि गेली. त्या मुलीनं हात सोडवून घेतला नाही.