बिस्मथचा आकडा आणि आईचा हात

नव्वदच्या दशकात मी सुरतला एमएस्सी करत होते, तेव्हाची ही दुपार. लॅबमध्ये मी एकटीच. बाहेर पॅसेजमध्येही कोणी नव्हतं... डोक्यावर पंख्याची घरघर तेवढी.

प्रयोग साधा होता. बिस्मथ नावाच्या धातूच्या तुकड्यातून ठरावीक करंट सोडायचा, तो तुकडा इलेक्ट्रोमॅग्नेटच्या दोन तोंडांमध्ये ठेवायचा आणि मॅग्नेटची ताकद वाढवत जायची. आत धावणाऱ्या इलेक्ट्रॉन्सची वाट चुंबक वाकवतं, म्हणून धातूचा रेझिस्टन्स वाढतो.

तांब्यात हे जेमतेम कळतं, पण बिस्मथमध्ये मीटरवर स्पष्ट दिसतं. तुकड्याला कोणी हातही लावलेला नसतो... आणि आकडा चढत जातो.

तेवढ्यात आई आली. आम्ही मूळचे धुळ्याकडचे, राहायला सुरतच्याच डिंडोली भागात. आई घरीच मशीनवर साड्यांना लेस लावायची. मी विसरलेला डबा घेऊन ती बस बदलत एवढ्या लांब आली होती.

तिच्या उजव्या हाताची गोष्ट आमच्या अख्ख्या गल्लीला माहीत होती. काही वर्षांपूर्वी मशीनची सुई बोटात घुसून तुटली. टोक सापडलं नाही, कुठेतरी उडालं असेल असं सगळ्यांनी धरलं. नंतर बोटाचा एक्स-रे काढला, त्यातही काही नव्हतं.

तरी ती म्हणायची, हातात काहीतरी फिरतंय... डॉक्टर म्हणाले, मनाचे खेळ. शेजारच्या काकू म्हणाल्या, बाहेरचं आहे. बाबा तिला भगताकडेही घेऊन गेले. मग तिनं त्याबद्दल बोलणंच सोडलं.

मी मॅग्नेटची ताकद वाढवणारा नॉब फिरवत होते आणि आई मॅग्नेटशेजारी टेबलावर हात टेकून बघत होती. एकदम तिनं हात मागे घेतला. चेहरा पांढराफटक.

"मना हात कोन वढी राह्यनं?" माझा हात कोण ओढतंय?

मी हसले. मग तिच्या हाताकडे पाहिलं... काचेच्या बांगड्या. लोखंड कुठेच नव्हतं.

मी तिला पाठमोरी बसवलं आणि हात मॅग्नेटजवळ ठेवायला सांगितला. आता तिला नॉब दिसत नव्हता, मीटरही नाही. मी हळूच मॅग्नेटचा करंट वाढवला. बिस्मथचा आकडा चढायला लागला आणि आई म्हणाली, "आते धरं." आत्ता धरलं.

नॉब मागे आणला. आकडा उतरला. "आते सोडं."

मग मुद्दाम बराच वेळ काहीच केलं नाही. ती गप्प. पुन्हा फिरवला... "धरं."

भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. तो मुका धातू आणि माझी आई, दोघांनाही एकाच वेळी काहीतरी शिवून जात होतं. मला मात्र काहीच जाणवत नव्हतं.

तिच्या गालावरून पाणी ओघळताना दिसलं तेव्हा मी घाबरून स्विच बंद केला आणि सरांना बोलावून आणलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "पूर्ण हाताचा एक्स-रे काढा, आजच. आणि बेन, पुन्हा या मॅग्नेटजवळ येऊ नका."

फिल्मवर अंगठ्याखालच्या मांसात एक बारीक पांढरी रेघ होती. बोटातून सरकत सरकत ती तिथवर आली होती... म्हणून बोटाच्या फोटोत कधी दिसलीच नाही.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी कापसावर ठेवून ते टोक दाखवलं. आई कितीतरी वेळ बघत राहिली. "इतलुसं?" एवढंसं? इतकंच म्हणाली, आणि मग रडली.

टाके निघाल्यावर तिनं मला बजावलं, लॅबमधल्या त्या मशीनला नारळ फोड. सरांनी हसत परवानगी दिली. लॅबच्या दारात फोडला आणि खोबरं सगळ्यांत वाटलं.

'दिसत नाही, म्हणजे नसणार' हे वाक्य त्यानंतर माझ्या तोंडून कधी निघालं नाही... विशेषतः समोरचा माणूस 'मला होतंय' म्हणत असेल, तेव्हा तर नाहीच.