धुराडं दिसते

हे मी आजपर्यंत कोणाले सांगतलं नाई. बायकोले नाई, भावाले नाई. तुमाले काऊन सांगून राह्यलो, ते मलेच समजत नाई — पण आता पोटात राहत नाई, एवढं खरं.

आमच्या जिल्ह्यातल्या एका लहानशा विमानतळावर मी हवामान पाहायच्या कामाले होतो. काम तरी काय? गच्चीवर चढायचं अन् ठरलेल्या खुणा पाहायच्या. पाण्याची टाकी जवळ, कापसाच्या जिनिंगचं धुराडं दूर. धुराडं दिसलं तं वैमानिकाले वरून धावपट्टी दिसंल; नाई दिसलं तं विमान नागपूरले पाठवायचं. शेंबड्या पोराले जमंल असं काम हो — फक्त जिना चढा लागते.

एका सकाळी आर्वीची स्नेहल विमान घेऊन वर होती. बाप एसटीत ड्रायव्हर, अन् पोरगी विमान चालवणं शिकून राह्यलती. मले काका म्हणे. तळेगावकडे एकटीनं चक्कर मारून ती परत येत होती, अन् इकडं धुकं उतरलं. रेडिओवरच्या मॅडमनं मले खिडकीतून विचारलं, आता काय दिसून राह्यलं म्हणून.

मी कुठं होतो? खाली, शेकोटीपाशी. थंडी अशी का उठू वाटेना. आत्ताच तं पाहून आलो — इतक्यात काय बदलते? रोज पाहून पाहून ते धुराडं मले डोळे मिटूनही दिसे.

"धुराडं दिसते," मी म्हणलं.

मॅडमनं तसंच तिले कळवलं. विमान धावपट्टी सोडून बाजूच्या तुरीत घुसलं. पोरगी वाचली, पण हात मोडला. मी गच्चीवर पळालो — तेव्हा! — तं टाकीसुद्धा दिसत नव्हती.

चौकशीत ती सांगे, खाली काहीच दिसत नव्हतं. साहेबांनी मले विचारलं. खरं बोललो असतो तं नोकरी गेली असती. मग जाऊ द्यायची होती ना! पण मी भेकड माणूस — म्हणलं, साहेब, मी सोता पाह्यलं, चांगलं दिसत होतं. झालं. पोरगी घाबरली असं ठरलं, अन् तिचं शिकणं तिथंच बंद पडलं.

यंदा आर्वीच्या बसस्टँडवर भेटली. मोबाइलच्या दुकानात बसते आता. मले चहा पाजला तिनं. माह्यानं तिच्याकडे धड पाहवेना. मग तीच बोलली.

"काका, मीच घाबरली असंन. मले वाटे, धुकं होतं. पण तुमी तं पाह्यलं होतं ना?"

तेव्हा तरी सांगायचं होतं का नाई? तिथं कोणी साहेब नव्हता. नोकरी तं कधीचीच संपलेली. मग भेव कायचं होतं मले?

"हो," मी म्हणलं. "पाह्यलं होतं."

बरं झालं एकदाचं विचारून घेतलं, म्हणाली. अन् दुकानाकडे निघून गेली.