पडण्यात पटाईत चेला

माझी आत्या दर आठवड्याला कुठून ना कुठून पडायची. कधी पुलावरून, कधी उडत्या यानातून, एकदा तर जळत्या कारखान्याच्या धुरांड्यावरून. हे तिचं काम होतं. केबलवर लागणाऱ्या एका परदेशी कार्टूनच्या हिंदी अवतारात ती चेल्याला आवाज द्यायची.

त्या मालिकेत एक रुंद छातीचा उस्ताद होता आणि तो जग वाचवायचा. त्याच्या मागे पिवळा झगा फडकवत फिरणारा बारा-तेरा वर्षांचा चेला. चेल्याचं मुख्य काम म्हणजे सापडणं. त्याला बांधून ठेवत, उलटा टांगत, ढकलून देत. सगळी भाषणं उस्तादाला आणि सगळं ओरडणं चेल्याला. आत्या अंधेरीला रेकॉर्डिंगला जायची तेव्हा तिच्या हातातल्या कागदांवर ‘आह’, ‘उई’ आणि ‘चेला पडतो’ याशिवाय फारसं काही नसायचं. एरवी ती आमच्या डोंबिवलीतच एका शिशुवर्गाला शिकवायची, त्यामुळे लहान मुलांच्या रडण्याचा तिचा अभ्यास दांडगा होता.

सराव आमच्या पुढच्या खोलीत चालायचा. आत्या दिवाणावर उभी आणि मी खाली उशी घेऊन. मी उस्ताद. मी तेव्हा चौथीत होते आणि घरात माझं कुणी काडीचं ऐकत नव्हतं, म्हणून ही भूमिका मी फार मनावर घेतली होती. नुसतं उभं राहून ओरडलं तर पडल्यासारखं वाटत नाही, पोटात गोळा यायला हवा, असं आत्याचं म्हणणं. मग ती डोळे मिटून स्वतःला सोडून द्यायची. चेल्याची एक खोड होती. पडताना तो आधी नुसता ओरडायचा, आणि उस्ताद खाली येताना दिसला की ‘उस्तादजी’ अशी लांबलचक हाक मारायचा. त्यामुळे आत्याही अर्ध्यात डोळे उघडायची, मला बघायची, हाक मारायची आणि मला उशीसकट चेपून टाकायची. दिवसातला हा माझा सगळ्यात आवडता वेळ होता.

सुरुवातीला एकदा खालच्या मजल्यावरच्या काकू हातात लाटणं घेऊन वर आल्या. ‘छोड दो मुझे’ आणि ‘बचाओ’ ऐकून आजोबांनी शेवटी मुलीवर हात उचलला अशी त्यांची खात्री झाली होती. दार उघडलं ते आजोबांनीच, हातात पेपर. काकू त्यांना बाजूला सारून आत आल्या आणि त्यांनी आत्याचे दंड तपासले. खरा प्रकार कळल्यावर त्या चहा पिऊन गेल्या, पण जिन्यात आजोबा भेटले की पुढे बरेच दिवस त्या हातात लाटणं असल्यासारखंच बघायच्या.

आजोबांना या कामाची लाज वाटायची. म्हणूनच ठाण्याचं स्थळ आलं तेव्हा त्यांनी घरात ताकीद दिली, की मुलगी शिशुवर्गाला शिकवते एवढंच सांगायचं, ओरडण्याचं कुणी काढायचं नाही. मला तर स्वयंपाकघरातून बाहेर यायलाच बंदी होती. आत्या साडीला इस्त्री करायला बसली, आणि माझ्या पोटात खरोखरच गोळा आला. मला ती कुठेही जायला नको होती. ठाणं म्हणजे काही परदेश नाही, पण रोज संध्याकाळी माझ्या उशीवर पडायला ठाण्याहून कोण येणार होतं? काहीही करून हे स्थळ पळवून लावायचं असं मी ठरवलं. कसं, ते ठरलं नव्हतं.

मंडळी उशिरा आली. मुलाच्या मामांनी नवीन गाडी घेतली होती आणि ती दाखवायची म्हणून ते लोकल सोडून रस्त्याने निघाले, ते शीळफाट्याच्या कोंडीत अडकले. तोवर पोहे पुन्हा पुन्हा गरम करून त्यांचा भुगा झाला होता. मुलगा चष्मेवाला, सगळा वेळ बशीत बघणारा. प्रश्न त्याची आई विचारत होती. स्वयंपाक झाला, शिवणकाम झालं, मग त्यांनी विचारलं, गाणंबिणं येतं का?

“आवाज चांगला आहे तिचा,” आजोबा सवयीने बोलून गेले आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

मी स्वयंपाकघराच्या दारात आले. “गाणं नाही येत,” मी म्हटलं. “पण ती पडते छान.”

मुलाच्या आईचा चेहरा उतरला. त्यांनी आधी आत्याकडे पाहिलं, मग आजोबांकडे, आणि आवाज खाली आणून विचारलं, “कधीपासून येतात फिट? औषध चालू आहे ना?”

मी मनातल्या मनात उड्या मारल्या. इतकं छान तर मलाही सुचलं नसतं. मामा गाडीची किल्ली चाचपायला लागले होते. आजोबांना खरं सांगता येईना आणि खोटंही सुचेना.

आत्याने ट्रे खाली ठेवला. पदर खोचला, डोळे मिटले, आणि जागच्या जागी उभी राहून ती पडली. म्हणजे नुसता आवाज पडला. काठापदराच्या साडीतून एक बारा वर्षांचा पोरगा जीव खाऊन किंचाळत खाली खाली गेला. मामांच्या कपातला चहा त्यांच्या पँटवर आला. आणि लगोलग खालच्या मजल्यावरून काकूंचा आवाज आला, “अगं, आज पाहुणे यायचेत ना? आज कसली प्रॅक्टिस?”

आजोबा पंख्याकडे बघत राहिले.

“पण तो पडताना उस्तादजी म्हणतो ना?”

हे मुलगा बोलला होता. आल्यापासून पहिल्यांदाच. आईने वळून बघितल्यावर त्याचे कान लाल झाले. भाच्यांबरोबर बघतो कधीकधी, असं तो म्हणाला, आणि मग जरा थांबून, भाचे नसले तरी बघतो.

आत्या त्याच्याकडे बघत होती. “खाली झेलायला कुणी दिसलं की मगच म्हणतो,” ती म्हणाली.

त्याने यावर थोडा विचार केला. मग हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली आणि दोन्ही हात मोकळे करून बसला. आत्याने ते पाहिलं. मीही पाहिलं, आणि तो माणूस मला तिथल्या तिथे आवडेनासा झाला.

लग्नात आजोबा दिसेल त्याला धरून सांगत होते, की कार्टूनमधला तो पोरगा म्हणजे आमची मुलगी. अंधेरी ठाण्याहून जवळ पडते, त्यामुळे तिचं काम सुरूच राहिलं. घरात मात्र भयंकर शांतता झाली. खालच्या काकूही एकदा वर येऊन, करमत नाही गं, असं म्हणून गेल्या.

पुढे एका रविवारी मी टीव्ही लावला, तर खलनायकाने चेल्याला मनोऱ्यावरून ढकललं. चेला किंचाळायला लागला. मी दिवाणावरची उशी ओढली आणि टीव्हीपुढे जाऊन उभी राहिले. का, ते मला अजून सांगता येत नाही. आणि ‘उस्तादजी’ ही हाक आली, अगदी वेळेवर, पूर्वीपेक्षाही खणखणीत. म्हणजे तिकडे ठाण्याला खाली कुणीतरी उभं होतं. मला बरं वाटलं आणि त्याच वेळी रडूही आलं.

आजोबा माझ्या मागे खुर्चीत पेपर मिटून बसले होते. माझ्यामुळे त्यांना टीव्ही दिसत नव्हता, तरी त्यांनी मला बाजूला हो म्हटलं नाही.