तुझी शिक्षा मला पुरली

माझा धाकटा भाऊ गायक आहे. नाव सांगणार नाही. त्याची जाहिरात करायला त्याच्याकडे माणसं आहेत, मी कशाला फुकट राबू? सोल गातो तो. सोल म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं, चर्चमधून बाहेर पडलेलं, गळ्याऐवजी पोटातून म्हणायचं. त्यात हा आपली ढोलकी घालतो, कव्वालीच्या टाळ्या घालतो, आणि मध्येच ठुमरीसारखी एकच ओळ दहा वेळा वळवतो. वडील होते तोवर याला भेळ म्हणायचे. आता पेपरात त्याच भेळीला नवा प्रवाह म्हणतात. असू दे बापडा प्रवाह.

आम्ही मूळचे नागपूरचे. वडिलांची बदली लखनौला रेल्वेच्या संशोधन कार्यालयात झाली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मानक नगरच्या क्वार्टरमध्ये आलो, आणि दोन वर्षांनी हा जन्मला. त्यामुळे माझी मराठी पेटीत घालून आणलेली आणि त्याची इथल्या हवेत विरलेली. समजतं सगळं, उत्तर मात्र हिंदीत. आई विचारणार, "जेवला का रे?" आणि हा म्हणणार, "हाँ मम्मी, खा लिया." साऱ्या जन्मात त्या दोघांचं बोलणं असंच चाललं, आणि कोणाचं काही अडलंही नाही.

हार्मोनियमवर त्याचं बोट पहिल्यांदा मी ठेवलं. मी चौदा-पंधराची, तो चारचा. काळी चारपासून सूर कसा धरायचा ते मी शिकवलं. पुढे कॉलेजचा बँड झाला, हजरतगंजच्या कॅफेत गाणं झालं, मुंबई झाली, दोन अल्बम झाले, परदेशातले दौरे झाले. मग एका मुलाखतीत साहेब म्हणाले, मी कोणाकडेच शिकलो नाही. स्वयंभू! वाचून डोक्यात अशी तिडीक गेली की तो पेपर मी भाजीची सालं टाकायला वापरला. आईला दाखवला नाही.

मी स्वतः काय करते? एका केंद्र सरकारी ऑफिसात राजभाषा विभागात अनुवादक आहे. इंग्रजीचं हिंदी करते, हिंदीचं आणखी अवघड हिंदी करते. लग्न केलं नाही. वडील गेल्यावर आई आणि मी लखनौतच, जानकीपुरमच्या घरात राहतो. माझ्या टेबलाच्या काचेखाली एक कागद आहे, गंमत म्हणून केलेला. हिंदी आणि मराठीत दिसायला सारखे पण अर्थाने वैरी असे शब्द त्यावर लिहिलेत. चेष्टा म्हणजे हिंदीत प्रयत्न, मराठीत टिंगल. राग म्हणजे त्यांचं प्रेम, आपला संताप. आणि शिक्षा म्हणजे त्यांचं शिक्षण, आपला दंड. हे मुद्दाम सांगतेय. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

तिसरा अल्बम मराठीत करायचं त्याच्या डोक्यात आलं. "मम्मी की ज़ुबान में," म्हणाला. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आई बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. तो आला नाही. रेकॉर्डिंग होतं. रोज फोन मात्र करायचा, आणि आई पलंगावरून म्हणायची, "गळा सांभाळ बापा, थंड नको पिऊ." पलंगावर कोण पडलंय आणि काळजी कोणाची!

ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी, एका सकाळी, मी आईला स्टुलावर बसवून आंघोळ घालत होते. फोन वाजत राहिला. हात पुसून बघितलं तर भावाचा मेसेज. सगळी गाणी पाठवलेली, आणि खाली, "दीदी, मराठी चेक कर दो प्लीज़, आज ही फ़ाइनल करना है." आई कशी आहे, हे नाही. मेसेजमध्ये नाही एवढंच, संध्याकाळी फोनवर विचारलंच असतं त्याने. पण त्या क्षणी मला तेवढा न्याय सुचला नाही.

तरी बसले. ऑफिसला उशीर करून बसले. पहिल्या आठ गाण्यांतल्या चुका प्रामाणिकपणे काढल्या. 'माझी आवाज'चं 'माझा आवाज' केलं, 'ती घर'चं 'ते घर' केलं. नववं गाणं आईवर होतं. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. ढोलकी अगदी हळू, आणि त्यावर त्याचा तो भरदार आवाज ओळ पुन्हा पुन्हा वळवत होता, "आई गं, तुझी शिक्षा मला जन्मभर पुरली."

त्याला म्हणायचं होतं, तू दिलेलं शिक्षण मला आयुष्यभर पुरलं. आमच्या घरात देव नव्हते, त्यांच्या जागी शिक्षण होतं. तोच शब्द तो आईच्या पायाशी ठेवायला निघाला होता, आणि ठेवला होता दंड. मला ऐकता क्षणी दिसलं. त्या जागी 'शिकवण' म्हटलं असतं तर भागलं असतं. मी गुणगुणून पाहिलं, 'तुझी शिकवण मला जन्मभर पुरली', थोडं ओढून म्हटलं की चालीत नीट बसत होतं.

आणि मी लिहिलं, "बाक़ी सब ठीक है."

का? जळफळाट, दुसरं काय. मनात म्हटलं, हसू देत त्याला पुण्या-मुंबईचे लोक. स्वयंभू माणसाला एकदा कळू दे, कोणाकडून तरी शिकावं लागतं. बस्स, एवढाच विचार. आई हे गाणं ऐकणार आहे, हे माझ्या मनात आलंसुद्धा नाही. गाणं आईवर होतं आणि माझ्या हिशेबात आईच नव्हती.

अल्बम आला. कोणी हसलं नाही. एका मराठी समीक्षकाने तर त्या ओळीवर अर्धा रकाना खर्च केला. आईच्या कठोरपणाला इतक्या धीटपणे भिडणारं गाणं मराठीत विरळा, वगैरे. भावाने हिंदीशिवाय काही वाचलं नाही, म्हणून त्याला पत्ता लागला नाही. उलट त्याने मुलाखतीत सांगितलं, "हर लफ़्ज़ मेरी दीदी ने देखा है." उभ्या आयुष्यात पहिल्यांदा माझा उल्लेख केला, आणि तोही याच बाबतीत.

जानेवारीत आई वॉकर घेऊन अंगणात उन्हात बसायला लागली होती. मटार सोलत होती. लखनौच्याच महानगर भागातल्या तिच्या एका मैत्रिणीने फोन करून सांगितलं होतं की मुलाने तुमच्यावर गाणं केलंय. "लाव ना वं," मला म्हणाली. काहीतरी सांगून टाळायला हवं होतं. मला वाटलं, ढोलकी सुरू झाली की कंटाळेल. ती कंटाळली नाही. ओळ आली, पुन्हा आली, आणि तिचे हात थांबले.

"शिक्षा म्हणाला ना तो?"

"अगं आई, त्याला शिक्षण म्हणायचंय. हिंदीतला शब्द आहे तो."

"मले हिंदी येत नाही काय? चाळीस वर्षं झाली येथे. गाणं मराठीत आहे." शेंगा बाजूला ठेवल्या तिने. "बरोबरच बोलला. मी मारलं होतं त्याले."

मारलं होतं, हे खरं. तो तेरा वर्षांचा होता. कॉलनीच्या हॉलमध्ये एप्रिलमधल्या जयंतीचा कार्यक्रम, सगळ्या नागपूर-अकोल्याकडच्या बिऱ्हाडांची गर्दी, आणि याने जयंतीचं गाणं शेजारच्या इंजिनिअरच्या कॅसेटवर ऐकलेल्या सोलसारखं वळवून वळवून म्हटलं. म्हातारे उठून जायला लागले. आई स्टेजवर चढली आणि सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत दिली. तो रडला नाही, खाली उतरून चपला शोधत बसला. घरात त्यावर पुन्हा कोणी बोललं नाही. भाऊ ते विसरला असेल असं मी धरून चालले होते. आई विसरली नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं.

मग मात्र मला राहवलं नाही. म्हटलं, "आई, ऐक. त्याने गाणी मला तपासायला पाठवली होती. चूक मला दिसली होती. मी मुद्दाम सांगितली नाही. मला त्याचा राग आला होता. त्याचा काही दोष नाही, सगळा माझा आहे."

तिने माझ्याकडे मोठ्या मायेने पाहिलं. "लहानपणापासून त्याचं सगळं तू आपल्या अंगावर घेते. तू असं करशील? तू?"

इतकी वर्षं वाटायचं, हिने एकदा तरी मला चांगलं म्हणावं. म्हणाली, ती अशा वेळी!

त्याच दिवशी भावाला फोन करून सांगायचं होतं. केला नाही. आईसमोर कबूल करणं एक, त्याच्यासमोर दुसरं. आज करू, उद्या करू, रविवारी करू. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तशी फाशी माझ्या डोळ्यांदेखत चालली होती आणि मी रोज डबा भरून ऑफिसला जात होते. आईने मटारांना पुन्हा हात लावला नाही, ते मीच सोलले.

गुरुवारी मी ऑफिसात असताना तिने त्याला आपल्या फोनवरून बोलून निरोप पाठवला. मी घरी आले तेव्हा तिने स्वतःचं बोलणं मला ऐकवलं. "बाळा, गाणं ऐकलं. चुकलं माझं. माफ कर मले." एवढंच. कशाबद्दल, ते बोललीच नाही.

"त्याचं उत्तरही आलंय," म्हणाली, आणि ते लावलं.

आमच्या भावाने जन्मात पहिल्यांदा मराठी बोलायचं ठरवलं होतं. अल्बममुळे जीभ सैल झाली असेल. त्याची आधीची गाणी आईला कधी आवडली नव्हती, त्याबद्दल ती माफी मागतेय, असंच त्याला वाटलं असणार. एकेक शब्द जपून, लाडात येऊन बोलत होता. मम्मी नाही, आई म्हणत होता. "आई, माफी कशाला? तू शिक्षा दिली नसती, तर मी काहीच झालो नसतो. तुझ्या शिक्षेची मला रोज आठवण येते."

आईने फोन मांडीवर पालथा ठेवला.

"मराठीत बोलला," ती म्हणाली. "हिंदीत नाही बोलला. मले नीट समजावं म्हणून."

"आई, अगं मराठी बोलताना चुकलंय त्याचं. त्याचा अर्थ तसा नाही."

"चुकलंय? तू तर ऑफिसात हेच काम करते. सांग बरं, कोणता शब्द चुकला?"

"शिक्षा."

"तो तर तूच तपासून दिला होता," आई म्हणाली.