कल्हईवाल्यानं लावलेले दिवे

मी स्वभावानं संशयी, हे आधीच सांगून टाकते. दूधवाल्याच्या दुधात बोट बुडवून बघायचं, शेजारीण गोड बोलली की हिला काय हवंय असं मनात आणायचं, ही माझी रीत. देवाशीही तसंच. सिद्धटेकच्या गणपतीला हात जोडायची, पण तो खरंच ऐकतो का, हा किंतु कायम असायचा. म्हणूनच लढाईच्या दिवसांत माझ्यावर जे गुदरलं ते मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही.

ह्यांनी हौसेनं एक जुनी मोटार घेतली होती. पेट्रोल रेशनच्या चिठ्ठीवर मिळायचं, त्यामुळे ती बहुतेक गोठ्यातच उभी असे. त्या दसऱ्याला पूजेआधी तिला सजवायचं मी मनावर घेतलं. ह्यांनी पुढचे दिवे सोडवून दिले आणि मी मडगार्डं, दिवे बसतात त्या जागा, सगळं दारांच्या उरलेल्या हिरव्या रंगानं दोन-दोन हात देऊन रंगवलं. लोखंड म्हणून कुठं दिसू दिलं नाही. झेंडूचा हार घातल्यावर सगळी आळी बघायला आली, आणि मी काय फुगले होते म्हणून सांगू!

दिवाळी झाली आणि कमलला, आमच्या पाच वर्षांच्या मुलीला, ताप भरला. काष्टीच्या डॉक्टरांनी तिचा घसा पाहिला आणि म्हणाले, घटसर्प आहे, त्यावरचं इंजेक्शन नगरलाच मिळेल, उद्यावर टाकू नका. आम्ही तसेच निघालो. वाटेत दिवस मावळला, ह्यांनी दिव्यांचं बटण ओढलं, आणि काहीच नाही. दोन्ही दिवे बंद. पुढं वळणावळणाचा रस्ता, बिनकंदिलाच्या बैलगाड्या, दोन्ही अंगाला ऊस. हॉर्न वाजत होता, म्हणजे बॅटरी ठीक होती. ह्यांनी बल्ब काढून बॅटरीला लावला, तो पेटला. तारा चाचपल्या, एकही तुटलेली नाही. इकडं माझ्या मांडीवर कमलचा श्वास करवतीसारखा वाजत होता. माझ्या डोक्यात एकच, हे कुणीतरी मुद्दाम केलंय. बांधावरून भांडलेला शेजारी, की मागं ब्रेक नीट करून देणारा नगरचा मिस्त्री? मी दोघांनाही मनातल्या मनात लाखोली वाहिली.

तेवढ्यात मागून एक माणूस आला. काष्टीचा बाजार करून परतत असावा. खांद्यावर भाता, पाठीवर गाठोडं, हातातोंडाला काजळी. मोटारीपाशी थांबला आणि कान देऊन उभा राहिला. मी मंगळसूत्र पदराखाली ओढलं. माझ्याशेजारची जागा रिकामी होती, तिथं पिशवी ठेवली, उगाच बसायला मागेल म्हणून. आणि डोळे मिटून म्हणाले, गणपतीबाप्पा, या माणसाला इथून घालव. इतक्या कळकळीनं मी जन्मात काही मागितलं नव्हतं.

तो काही जाईना. उरल्यासुरल्या उजेडात त्यानं दिव्याखाली बोट फिरवलं.

"रंग नवा दिसतुया. कवा दिला?"

"दसऱ्याला," हे म्हणाले.

"त्याच्या आदी दिवे लागत हुते?"

"लागत होते की!"

"मग रंगाखाली बघा. मी कल्हईवाला हाय, मला मोटारीतलं काय कळत न्हाई. पन भांडं खरवडून उघडं केल्याबिगर कल्हई धरत न्हाई, येवढं म्हाईत हाय."

ह्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, वीज तारेनं दिव्यात येते, पण परत जाते ती गाडीच्या लोखंडातून! तू ती वाटच रंगवून बुजवलीस!"

म्हणजे ज्याला मी शोधत होते तो मीच होते. ह्यांनी पान्यानं दिवे सोडवले. कल्हईवाल्यानं गाठोड्यातून वाकडी सुरी काढली, तर मी ओरडलेच, "अहो, सुरी आहे त्याच्याकडं!" त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं, "वैनी, भिऊ नका," म्हणाला आणि गुडघे टेकून माझा हिरवा रंग खरवडू लागला. पांढरं लोखंड दिसेपर्यंत थांबला नाही. दिवे पुन्हा कसले, बटण ओढलं, आणि समोरचा ऊस लख्ख उजळला.

त्या उजेडात त्याचे डोळे भरलेले दिसले. "मी थांबनार न्हवतो," तो म्हणाला. "पोरीचा घसा ऐकला. माज्या थोरलीचा असाच वाजत हुता. आमाला गाडी मिळाली न्हाई. निगा आता." आम्ही निघालो. तो अंधारात चालत राहिला आणि माझी पिशवी त्या जागेवर बसून नगरला गेली. त्याची लाज मला अजून वाटते.

इंजेक्शन वेळेवर मिळालं. कमल वाचली. पुढं बरी झाल्यावर तिला घेऊन मी काष्टीच्या बाजारात गेले. कल्हईवाला भाता लावून बसला होता. तो थेट कमललाच म्हणाला, "नाव सांग बरं तुजं." ती खणखणीत आवाजात बोलली. त्यानं तिला तीनदा नाव सांगायला लावलं.

माझा संशय गेला असं म्हणणार नाही. दुधात बोट अजून बुडवते. पण देवापुढं काही मागितलं की शेवटी म्हणते, तुला वाटेल तसं कर. कारण त्या संध्याकाळी मी त्याच्याकडं एकच गोष्ट मागितली होती, हा माणूस इथून जाऊ दे म्हणून. त्यानं माझं ऐकलं नाही.