कोऱ्या मेणाची चूक

डॉ. रत्नमाला इंगळे यांच्या वर्गात मी पहिल्यांदा बसले, त्या दिवशी त्यांनी आम्हाला काहीच शिकवलं नाही. जंतू वाढवायच्या आगरच्या प्लेटा वाटल्या, प्रत्येकाला त्यावर बोट टेकवायला लावलं, झाकणावर नाव लिहून घेतलं आणि घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी जंतूंचं सगळ्यांत भरघोस पीक माझ्या प्लेटवर आलं होतं. मी वडनेर भोलजीची, बऱ्यापैकी शेतीवाडीच्या घरातली. आमच्याएवढं स्वच्छ घर गावात दुसरं नाही, हे ऐकतच वाढलेली. माझा उतरलेला चेहरा पाहून मॅडम म्हणाल्या की, हे सगळ्यांच्याच बोटांवर असतं, तुम्ही फक्त जरा जोरात दाबलंत. सूक्ष्मजीवशास्त्राशी आणि मॅडमांशी माझी ओळख झाली ती अशी. आज त्यांच्या साठीच्या गौरवग्रंथात लिहिताना अभिमानानं ऊर भरून येतो आणि थोडी धाकधूकही वाटते, कारण गुळगुळीत स्तुती मॅडमांना मुळीच चालत नाही.

मॅडम सुलतानपूरच्या, एका बौद्ध शेतमजूर कुटुंबातल्या. घरातल्या पहिल्या पदवीधर त्याच. आमच्या तालुक्याच्या महाविद्यालयात त्या रुजू झाल्या तेव्हा प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आणि दोन सूक्ष्मदर्शक होते. निर्जंतुकीकरणाचं यंत्र बिघडलं की त्या घरचा कुकर घेऊन यायच्या, आणि त्या दिवशी त्यांच्याकडे वरण होत नसे असं आम्ही गमतीनं म्हणायचो. संग्रामपूरहून येणाऱ्या एका मुलीची परतीची एसटी चुकायची, म्हणून त्यांनी अख्ख्या वर्गाचं प्रात्यक्षिक तासभर अलीकडे घेतलं. आम्ही कुरकुरलो. तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं की, तिच्याऐवजी तुमच्यापैकी कोण स्टँडवर बसायला तयार आहे?

आता मेणाची गोष्ट. दातांना तारा बसवल्या की त्या गालाला, ओठाला टोचतात. त्यासाठी पांढरं मेण मिळतं. हरभऱ्याएवढा तुकडा बोटांत मळून टोचणाऱ्या तारेवर दाबायचा. तोंडात राहिलेल्या या मेणावर जंतू किती वाढतात, हा माझा एम.एस्सी.चा विषय होता आणि तो मॅडमांनीच सुचवलेला. त्यांचं म्हणणं असं की, मोठ्या शहरांतल्या मोठ्या रोगांवर सगळेच काम करतात. आपल्या पोरी तोंडात काय घालतात तेही कुणीतरी पाहिलं पाहिजे.

वापरलेलं मेण गावातल्या दंतवैद्यांकडून मिळालं. तुलनेसाठी कोरं मेणही हवं होतं, त्याला आम्ही कंट्रोल म्हणतो. ते मी आमच्याच घरातून आणलं. माझी चुलत बहीण मयूरी हिच्या दातांना तारा होत्या. तिच्या डबीतली न वापरलेली कांडी मी चिमट्यानं, अगदी काळजीनं उचलली. प्लेटा पाहतो तर काय, वापरलेल्या मेणावर जंतू होतेच, पण कोऱ्या मेणावरही होते. आम्ही हरखलो. बाजारातलं नवं मेणच मुळात स्वच्छ नसतं, असा निष्कर्ष लिहून निबंध विद्यापीठाच्या चर्चासत्राला पाठवला आणि तो निवडला गेला. त्याच महिन्यात मॅडमांच्या बढतीची मुलाखत होती. त्यांची बढती याआधी दोनदा लांबली होती. या निबंधाचं वजन पडणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

चर्चासत्राला दोन दिवस उरले असताना मी वडनेरला जेवायला बसले होते. शेजारी मयूरी. तिनं दातावरचं मेण काढलं आणि सरळ डबीत, कोऱ्या कांड्यांना चिकटवून ठेवलं. रोज असंच करतेस का, असं विचारलं तर म्हणाली, “हाव, मंग. येवढं चांगलं मेन फेकाचं काऊन? जेवन झालं का वापस लावतो.”

म्हणजे माझं कोरं मेण कोरं नव्हतंच. बाजारातल्या मेणावर आम्ही ज्या जंतूंचा आळ घेतला, ते मयूरीच्या डबीतले होते. मी गप्प बसले असते तर कुणाला कधी कळलंही नसतं. हा विचार माझ्या मनात आला, एकदा नव्हे, चांगला दहादा आला. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत जाऊन मी रडत रडत सगळं सांगितलं.

मॅडम प्लेटांवर नावं घालत होत्या. उरलेल्या प्लेटांवरची नावं त्यांनी घालून संपवली. मग वर्गात कधी न बोललेली आपली घरची बोली त्या बोलल्या, “रडू नको. तुले समजलं, तू सांगतलं. आता आपल्याले त्याईले सांगा लागते.”

आणि त्यांनी सांगितलं. चर्चासत्राचं सभागृह भरलेलं, पहिल्या रांगेत त्यांची मुलाखत घेणारे दोघं. मॅडमांनी निबंधाचं नाव वाचलं आणि म्हणाल्या की, आमचं कंट्रोल बिघडलेलं होतं, निष्कर्ष चूक आहे, तो मी मागे घेते. मागून कुणीतरी हसलं. अध्यक्ष त्यांना बसायला सांगू लागले, तर त्यांनी आपली उरलेली मिनिटं मागून घेतली आणि ती चूक नेमकी कशी झाली ते समजावून दिलं. माझं नाव त्यांनी घेतलं नाही, ‘आमची चूक’ असंच म्हणत राहिल्या. बढती त्या वर्षी झाली नाही. पुढे झाली, पण त्याला वेळ लागला. त्या दिवशी सभागृहात मान खाली घालून बसलेली मी मनातून इतकी ताठ होते की, तसा अभिमान मला पुढे स्वतःच्या पदवीचाही वाटला नाही.

पुढच्याच आठवड्यात मॅडम स्वतः मयूरीची डबी पाहायला वडनेरला आल्या. तिला न रागावता, किती वेळा काढतेस, कशानं उचलतेस, हे सगळं विचारून लिहून घेतलं. प्रयोग नव्यानं झाला. बंद पाकिटातलं मेण स्वच्छ निघालं, डबीत परत ठेवलेल्या मेणावर भरपूर वाढ दिसली. काढलेलं मेण फेका, ही साधी गोष्ट रुग्णांना सांगायची म्हणून दंतवैद्यांसाठी एक पत्रक करायचं ठरलं. ते मी लिहिलं. ‘विटाळलेलं मेण पुन्हा वापरू नये.’

मॅडमांनी पहिला शब्द खोडला आणि वर लिहिलं, ‘उष्टं’. मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, “जंतू काचेखाली दिसतात, मोजताही येतात. विटाळ कोनाले दिसला? माह्या आजीले त्याच विटाळानं विहिरीवरून वापस पाठोलं व्हतं. उष्टं म्हन. उष्टं सगळ्याईचंच असते.”

पत्रक छापलं गेलं. आज आमच्या भागातल्या दवाखान्यांत पोरी आपसांत ‘उष्टं मेन फेक’ असं सहज म्हणतात, आणि हा शब्द कुणी दिला हे त्यांना ठाऊकही नाही.

माझं लिहिणं इथं संपायला हवं होतं. पण ज्यांच्यावर लिहिते आहे त्यांनी भरसभेत चूक कबूल केली, आणि माझी एक चूक अजून कुठेच कबूल झालेली नाही. मॅडम वडनेरला आल्या त्या दिवशी माझ्या आईनं त्यांना चहा दिला तो ओसरीच्या भिंतीतल्या देवळीत वेगळ्या ठेवलेल्या कपात. मी पाहिलं. मॅडमांनीही पाहिलं. चहा पिऊन त्यांनी तो कप स्वतः विसळला आणि पालथा घातला. मी दारात उभी होते आणि एक शब्द बोलले नाही. सोबत शिकणाऱ्या कुणालाही मी हे कधी सांगितलं नाही. मॅडमांनी तर पुढच्या सोमवारी माझ्या प्लेटांवरचे जंतू माझ्याआधी येऊन मोजून ठेवले होते.

हा मजकूर छापायला देण्याआधी मी आईला वाचून दाखवला. ती आता थकली आहे. कपाच्या जागी आल्यावर मी थांबले, तर म्हणाली, वाच, खोटं थोडंच हाय. शेवटपर्यंत ऐकलं आणि मग मला पुन्हा पेन हातात घ्यायला सांगितलं.

मॅडम, तुम्हाला उदंड आयुष्य लाभावं, गुडघे आणि डोळे शंभरीपर्यंत साथ देवोत, असं या ग्रंथात सगळेच लिहितील, मीही मनापासून लिहिते. पण माझ्या शुभेच्छेत एक विनंती आहे. यंदा आमच्या घरी जेवायला यावं. आईनं निरोप लिहून घ्यायला लावला आहे, तिच्याच शब्दांत देते: “बाईले म्हना, ताट मी वाढीन. अन् जेवन झाल्यावर उचलीन बी मीच.”